कडीला लावलेला चिमटा

"तीस वर्षं झाली, माझ्या हातून एक कार्ड मेलेलं नाही," असं दादा दिवसातून दोनदा तरी म्हणायचा. ऐकणाऱ्यांचे कान किटले होते, पण खोडून काढायची कुणाची टाप नव्हती. टेलिफोनच्या यंत्राच्या कपाटात जी हिरवी कार्डं पुस्तकांसारखी उभी असतात, ती बसवण्यात त्याचा हात धरणारा कंपनीत कुणी नव्हता. धाकटी बहीण त्याच्याच हाताखाली शिकली आणि नऊ वर्षं त्याच्याच जोडीला काम करत होती. घरी तो दादा, कामावरही दादाच. त्यामुळे बिचारीला दोन्हीकडे बोलणी खावी लागत.

दादाचा पहिला धडा पट्ट्याचा. "माणूस अंगावर वीज घेऊन हिंडतो," तो सांगायचा. "लोकरीचा स्वेटर काढताना चटचट वाजते ना, तीच. आपल्याला नुसता झटका, पण कार्ड घायाळ होतं. आणि ते लगेच मरतं असं नाही हां. आज सगळे दिवे लागतात, दोन महिन्यांनी ऐन वेळी मान टाकतं." म्हणून मनगटावर, उघड्या कातडीला चिकटून, पट्टा बांधायचा. पट्ट्याच्या वायरीला चिमटा असतो. तो कपाटाच्या उघड्या, बिनरंगाच्या धातूला लावायचा, म्हणजे अंगातली वीज निघून जाते. रंगाला लावला तर न लावल्यासारखंच.

त्या दिवशी दुपारी दोघं अँब्युलन्सच्या नियंत्रण कक्षात आली. सोळापैकी आठ लायनी बंद होत्या. उरलेल्या आठांवर सगळ्या गावाचा भार पडला होता आणि ऑपरेटरबाई एका हातात फोन, दुसऱ्या हातात पेन घेऊन घामाघूम झाल्या होत्या.

"लवकर करा हो, लोक ताटकळतायत," त्या म्हणाल्या.

"घाई करणाऱ्याला दोनदा काम करावं लागतं, बाई," दादा हसून म्हणाला आणि कपाटाचं दार उघडून पट्टा बांधू लागला.

धाकटीनं पिशवीतून दोन नवी कार्डं काढून ठेवली. एक कामाला, एक नशिबाला, हा दादाचाच नियम. दादानं जुनं कार्ड अलगद ओढून काढलं. नवं त्याच्या चंदेरी पाकिटातून कडांना धरून बाहेर घेतलं, खाचेत सरकवलं, दोन्ही खटके दाबले. एकेक करून आठ हिरवे दिवे लागले. ऑपरेटरबाईंनी हात जोडले.

तेव्हा धाकटीची नजर चिमट्यावर गेली. तो दाराच्या कडीला लावलेला होता. कडीवर राखाडी रंगाचा जाड थर होता.

तिला आधी वाटलं, आपणच चुकीचं बघतोय. मग वाटलं, एखाद्या वेळी होतं माणसाचं. पण दादाचं? चिमटा लावायची बिनरंगाच्या धातूची खुंटी कपाटाच्या आत, मागच्या बाजूला, अंधारात असते. बोटाच्या पेराएवढी. ती बघायला दादा आत वाकलाच नव्हता. हात सवयीनं थेट कडीकडे गेला होता. म्हणजे ही आजची गोष्ट नव्हती.

एका शाळेतलं कार्ड चार महिन्यांपूर्वी गेलं, बँकेतलं गेल्या महिन्यात. दोन्ही दादानंच बसवलेली. "हल्ली माल हलका येतो," असं तो म्हणाला होता आणि सगळ्यांना पटलं होतं. दादाला न पटणारं बोलणार कोण?

दादाला ती खुंटी दिसतच नसावी. कंपनीचा नियम साधा होता: नजर अधू झाली की कपाटाला हात लावायचा नाही. मग गोदामात बसून खोकी मोजायची. दादाच्या नोकरीची तीन वर्षं उरली होती, आणि गोदामात बसण्यापेक्षा घरी मरेन असं तो हसत हसत म्हणायचा. त्यातलं हसणं किती आणि खरं किती, हे तिला ठाऊक होतं. दिवे तर लागलेत. झाकली मूठ सव्वा लाखाची. गुपचूप सामान भरून निघावं, पुढचं पुढे.

तेवढ्यात नुकत्याच सुरू झालेल्या लायनीवर फोन वाजला. ऑपरेटरबाई म्हणाल्या, "श्वास चालू आहे का? बघा, छाती हलतेय का बघा." त्या ऐकत राहिल्या. धाकटीही ऐकत राहिली. फोन मध्येच तुटला असता तर, हा विचार तिच्या डोक्यातून जाईना.

गाडी रवाना झाल्यावर ती दादाजवळ गेली आणि हळूच म्हणाली, "दादा, हे कार्ड काढू या. दुसरं लावू."

"का? दिवे दिसत नाहीत तुला?"

"चिमटा कडीला लावलायस."

दादाच्या कपाळावर आठ्या चढल्या. "मला शिकवतेस? तुझ्या मनगटाला पट्टा बांधायला कुणी शिकवलं ग?"

"तूच. म्हणूनच सांगतेय."

त्यानं कडीवरून बोट फिरवलं. मग कपाटात वाकला, डोळे बारीक केले, मागच्या पत्र्यावर तळहात फिरवत राहिला. खुंटी त्याच्या हाताला लागेपर्यंत बराच वेळ गेला. तो वळला तेव्हा त्याचा चेहरा उतरला होता.

"मला वाटलं, कडी म्हणजेही लोखंडच की," तो म्हणाला, आणि मग त्याला स्वतःलाच ते पटलं नाही. "ती खुंटी दिसत नाही ग मला. वर्ष झालं असेल."

तिनं स्वतःचा पट्टा बांधला, चिमटा खुंटीला लावला आणि दुसरं कार्ड बसवलं. दादा बाजूला उभा होता. मध्ये एकदाही बोलला नाही, हे नऊ वर्षांत पहिल्यांदा घडलं.

"वही काढ," दिवे लागल्यावर तो म्हणाला. "लिही. अग्निशामक केंद्र, तिसरं कार्ड. बाळंतिणींचं हॉस्पिटल, पहिलं आणि पाचवं. पाणीपुरवठ्याचं ऑफिस..." त्याला एकूण एक खाच पाठ होती. नऊ ठिकाणं झाली.

"साहेबांना मी सांगते," ती म्हणाली. "कार्डं सदोष आली म्हणून सांगता येईल. डोळ्यांचं काढायचं कशाला?"

"म्हणजे बदलायला पुन्हा मलाच पाठवतील," दादा म्हणाला. त्यानं खिशातून मोबाइल काढला, हात लांब करून नंबर शोधला आणि लावला.

"साहेब, नऊ जागची कार्डं बदलावी लागतील. मी लावलेली... नाही, माल चांगला आहे. मला नीट दिसत नाही... हो, कळतं मला, उद्यापासून गोदाम." तो थोडा वेळ ऐकत राहिला. "कुणी म्हणजे? माझ्या धाकटीनं पकडलं. तिलाच पाठवा नऊ ठिकाणी, ती वाकून बघते."

त्याच्या आवाजात रागाचा लवलेश नव्हता. असता, तर तिला रडू आवरता आलं असतं.