किल्लेदाराचे पाय

किल्लेदार सेर्लो आमच्या अंगणात घोड्यावरून उतरला आणि लंगडला, हे घरात फक्त मला दिसलं. बाकी सगळे त्याच्या तलवारीकडे बघत होते.

बरोबर दोनच शिपाई. शिकारीच्या नादात लांब आलो, घोडे दमलेत, प्यायला काही मिळेल का, असं त्यानं फ्रेंचमध्ये विचारलं. आमच्या घरात फ्रेंच कळणारी मी एकटी; मठाच्या शाळेत समुद्रापलीकडून आलेले आमचे ब्रेतॉन गुरुजी शिकवतात. दोन वर्षं मी त्या शाळेत तोंड उघडलं नव्हतं. गेल्या महिन्यात सगळ्यांसमोर अख्खं स्तोत्र न अडखळता म्हटलं, आणि तेव्हापासून मला, हुनिथला, गप्प करणं देवाच्याही हातात राहिलं नाही, असं आई म्हणते.

तर मी दुभाषी झाले. रीतीप्रमाणे तिघांनी शस्त्रं दाराशी ठेवली. मी दूध आणायला मागच्या दारी गेले, तर तिथे बाबांचे धाकटे भाऊ मायरिगकाका अकरा माणसांना जवळ घेऊन बोलत होते. परत जाताना किल्लेदाराला नदीच्या उतारावर, पाणी ओलांडताना गाठायचा आणि तिथेच संपवायचा. 

बाबा शेजारीच उभे होते. त्यांनी काकांना अडवलं नाही.

माझा भाऊ रिन चार महिने याच किल्लेदाराच्या ग्वेर्न गढीत ओलीस आहे. या फ्रेंच बोलणाऱ्या लोकांशी आमचा तह झाला तेव्हा बाबांनी स्वतः त्याला नेऊन सोडलं होतं. किल्लेदाराला काही झालं तर अंधार पडायच्या आत रिन तटावरून लटकलेला दिसेल, हे शेंबड्या पोरालाही कळतं. काकांचा हिशेब वेगळा होता. डोकं उडालं की धड पडतं, त्या गोंधळात आपण गढीत घुसू आणि पोराला घेऊन येऊ.

"घेऊन याल हो काका, पण कसा? जिवंत?"

"तू दूध ने," काका म्हणाले. "शाळेत गेलीस म्हणजे सेनापती झाली नाहीस."

"पाहुण्याला मारणार तुम्ही?"

"पाहुणा कुठला? पाय धुतलेत का त्यानं?"

इथे मला एकदम उजेड दिसला. आमच्याकडे दारी आलेल्यापुढे आधी पाय धुवायला पाणी ठेवतात. पाय धुतले, तर तो त्या रात्रीपुरता घरचा. सकाळी आपली हद्द ओलांडेपर्यंत त्याच्या जिवाला घर जबाबदार. नको म्हणून नुसतंच काही प्यायला, तर तो वाटसरू. उंबऱ्याबाहेर तो आणि त्याचं नशीब. मायरिगकाका शेजाऱ्याचे बैल पळवतील, प्रार्थनेत घोरतील, पण ही रीत मोडणार नाहीत. म्हणजे सगळा प्रश्न उरला दोन पावलांचा.

मी घंगाळ घेऊन गेले. किल्लेदारानं हातानंच नको म्हटलं. दिवस मावळायच्या आत गढीवर पोचायचंय, आणि आमच्यात असे पाय पाद्री धुतात, तेही वर्षातून एकदा, असं म्हणून तो हसला. शिपाईही हसले. काका दारात टेकून हेझल झाडाच्या काडीनं दात घासत होते. त्यांना फ्रेंच कळत नसलं तरी हाताची खूण कळली. तेही हसले.

मी आत पळाले, चुलीवरचं कढत पाणी ओतलं, मूठभर मीठ टाकलं, परसातला पुदिना चुरगाळून घातला आणि परत आले. 

"किल्लेदारसाहेब, डावा बूट नवा आहे ना? चावतोय."

तो माझ्याकडे बघतच राहिला.

"फोड फुटला तर उद्या रिकिबीत पाय घालता येणार नाही. मग तुमचेच शिपाई तुमच्या पाठीमागे हसतील."

दोन्ही शिपाई एकदम गंभीर झाले, म्हणजे ते आधीच हसत होते. किल्लेदारानं त्यांच्याकडे एकदा पाहिलं आणि पाय पुढे केला. बूट ओढून काढायला दोघंही लागले. जो वास सुटला त्याबद्दल मी काही लिहिणार नाही. मग आधी डावा पाय पाण्यात गेला, मग उजवा, आणि त्या धिप्पाड माणसानं लहान बाळासारखा सुस्कारा सोडला.

दारातली काडी थांबली.

"हे चालायचं नाही," काका बाबांना म्हणाले. "त्याला अर्थच माहीत नाही."

बाबा त्या दिवसात पहिल्यांदा बोलले. "पाय त्याचे, पाणी आपलं. अर्थ आपल्याला माहीत आहे तेवढा पुरे."

मी सुटलेच म्हणून श्वास घेते, तोच किल्लेदारानं पाय पुसले आणि बूट मागितले. म्हणजे हा निघाला! आत्ता निघाला तर रात्र राहिला नाही, आणि रात्र राहिला नाही तर पुन्हा वाटसरू. काकांचे डोळे लगेच चमकले. मी घंगाळ उचललं, दोन पावलं टाकली आणि धडपडले. इतकी नेमकी मी जन्मात कधी धडपडले नव्हते. सगळं पाणी, पुदिन्यासकट, थेट त्याच्या दोन्ही बुटांत.

आई ओरडली. मी कान धरून माफी मागितली आणि म्हटलं, चुलीपाशी ठेवते, पण वाळायला सकाळ होईल. किल्लेदार आधी बुटांकडे, मग स्वतःच्या उघड्या पायांकडे बघत बसला. शेवटी त्यानं एका शिपायाला गढीवर पाठवलं, उद्या येतो असं सांगायला. रस्त्यात त्याला कुणी अडवू नये म्हणून बाबांनी आपला माणूस बरोबर दिला.

मग काकांची अकरा माणसं एकेक करून आत आली, भाले दाराशी ठेवले आणि तिघंतिघं मिळून जेवायला बसली. ओटच्या पातळ भाकरीवर रस्सा वाढला. मी हार्प वाजवली, दोनदा चुकले, कुणी काही म्हटलं नाही. एवढे प्रेमळ लोक आजवर पाहिले नाहीत, असं किल्लेदार मला म्हणाला. हे मात्र मी काकांना भाषांतर करून सांगितलंच.

सकाळी आक्रसलेले बूट कसेबसे चढवताना तो म्हणाला, "तुझा भाऊ तुमच्यातला वाटत नाही. गढीत तुमचीच एक म्हातारी धोबीण आहे. ती रोज संध्याकाळी त्याच्यापुढे पाय धुवायला पाणी ठेवते. चार महिने झाले, एकदाही धुतले नाहीत. घाणेरडा पोरगा."

मी ते आमच्या भाषेत सांगितलं. आईनं डोईच्या फडक्याचं टोक तोंडाला लावलं. ती हसत होती की रडत होती, तिलाच ठाऊक. काका किल्लेदाराच्या घोड्याचा तंग आवळत होते, ते तसेच थांबले.

"राहायला आलो नाही म्हणतोय," ते हळूच म्हणाले. "चार महिने तेच म्हणतोय."

बाबांनी मला खूण केली, त्याला काहीतरी निरोप दे.

"रिनला सांगा," मी किल्लेदाराला म्हटलं, "घरी पाणी गरम ठेवलंय."

"एवढंच?"

"एवढंच. त्याला कळेल."

तो खांदे उडवून घोड्यावर चढला, या वेळी न लंगडता. मी उतारापर्यंत मागे धावत गेले. नदीला पाणी चढलं होतं. मायरिगकाका कमरेपर्यंत आत उतरले, काठीनं तळ चाचपत, किल्लेदाराच्या घोड्याचा लगाम स्वतःच्या हातात धरून.