पासष्टीची बेबी

बेबीताईला कागदावर म्हातारी केलं ते एका विशीतल्या पोरानं. बारा-तेरा वर्षांपूर्वी गावच्या शाळेत ओळखपत्रं काढायचा कॅम्प लागला होता. बाहेर बायांची रांग, आत हा एकटा, आणि त्याला जेवायला जायची घाई. "जन्मतारीख?" त्यानं विचारलं. बेबीताईनं शाळेचं तोंड पाहिलेलं नव्हतं. ती म्हणाली, "बहात्तरच्या दुष्काळातली आहो मी. मायच्या पोटात होती तवा."

पोरानं मान वर करून तिच्याकडे एकदा पाहिलं. बसलेली गालफडं, पिकलेले केस, पुढचे दोन दात गायब. "आजी, दुष्काळात तुम्ही स्वतः खडी फोडत असाल," असं हसत म्हणून त्यानं एक जानेवारी एकसष्ट अशी तारीख ठोकून दिली. उचलली जीभ लावली टाळ्याला, तसं उचललं बोट आणि दाबलं बटण. बेबीताई तेव्हा जेमतेम चाळिशीची होती. घरात सगळ्यांत धाकटी म्हणून तिचं नाव बेबी ठेवलं होतं, आणि ती मदतनीस होती त्या अंगणवाडीत तिच्याहून तीन वर्षांनी मोठी असलेली सेविकाबाईसुद्धा तिला आजी म्हणायची. नाव सोनूबाई, हाती कथलाचा वाळा.

कार्ड पत्र्याच्या पेटीत पडून होतं तोवर त्यानं कुणाचं काही बिघडवलं नाही. यंदाच्या जानेवारीत मात्र पुष्पांजली मॅडम, म्हणजे अंगणवाड्यांवरच्या पर्यवेक्षिका, शाल आणि नारळ घेऊन अंगणवाडीत आल्या. सोबत दोन सेविका, फोटो काढायला एकीचा मोबाइल. बेबीताई तेव्हा चुलीवरून खिचडीचं पातेलं उतरवत होती.

"या बेबीताई, हात पुसा," मॅडम म्हणाल्या. "पासष्ट पूर्ण झाली तुमची. मदतनीस म्हणून खूप सेवा केली. आता आराम करा."

"कोनाची पासष्ट?"

"तुमची. ऑनलाइन दिसतंय तसं."

तळपायाची आग मस्तकात जाणं म्हणजे काय, हे त्या दिवशी अंगणवाडीतल्या पोरांनीही पाहिलं. "मी त्रेपन्नची आहो," बेबीताई म्हणाली. "थे शाल ज्याले पासष्ट झाले त्याच्या आंगावर टाका. मले थंडी नाई वाजून राह्यली."

मॅडम वाईट बाई नव्हत्या. वाईट असत्या तर भांडून मोकळं तरी होता आलं असतं. त्या म्हणाल्या, "माझा विश्वास आहे हो, पण माझ्या विश्वासावर ऑफिस चालत नाही. जन्माची नोंद नाही, शाळेचा दाखला नाही. मग सरकारी दवाखान्यातून वयाचं सर्टिफिकेट आणा. महिनाअखेरपर्यंत."

आता ही नोकरी काय मोठी जहागीर होती? पातेली घासायची, पोरं गोळा करून आणायची, त्यांच्या नाका-ढुंगणांकडं पाहायचं, आणि महिन्याकाठी जो मानधनाचा तुकडा मिळेल तो पदरात बांधायचा. पण यंदा त्या तुकड्यावर एक जीव वाढत होता. बेबीताईची लेक अपेक्षा पहिलटकरीण. सासरच्यांनी तिला सहाव्या महिन्यापर्यंत बियाण्याच्या शेडनेटमध्ये राबवली होती, मिरचीच्या फुलांवर वाकून, फवारणीच्या वासात. सेविकेनं तिला काट्यावर उभी केली तेव्हा एक्केचाळीस किलो भरली. बेबीताईनं तिला त्याच दिवशी घरी आणली आणि जावयाला फोन करून सांगितलं, बाळंत होईपर्यंत पोरगी परत येणार नाही. तेव्हापासून रोज अंडी, डाळ, गुळाचा लाडू, संध्याकाळी दूध. हे सगळं त्या मानधनातून. ते गेलं तर अपेक्षाला परत शेडनेटमध्ये पाठवण्यावाचून इलाज नव्हता, आणि बेबीताई सगळं सहन करायला तयार होती, एवढं सोडून.

म्हणून ती दुसरबीडला भावाकडे गेली आणि आईला घेऊन निघाली. साक्षीला आईपेक्षा मोठं कोण? सोजराबाई पंच्याहत्तरीची, पण ताठ. माहेरी दुधातुपात वाढलेली. दात सगळे शाबूत, अंबाड्यात अजून काळे केस. बसमध्ये ती खिडकीपाशी बसून कुणाच्या शेतात काय पेरलंय ते सांगत राहिली, आणि बेबीताई गुडघे चोळत बसली.

दवाखान्यातला डॉक्टर तरुण होता. नागसेन नाव, मेहकरकडचा. बाहेर पेशंटची ही गर्दी. त्यानं कागद पाहिला, दोघींकडे पाहिलं, आणि सोजराबाईला म्हणाला, "मावशी, तुम्ही जरा बाहेर थांबा. आईंना तपासू द्या."

सोजराबाई खळखळून हसली. "मीच माय आहो बाप्पा. थे लेक."

डॉक्टरचा चेहरा पडला. बेबीताई हसली नाही. तिला त्या क्षणी आईचे ते सगळे दात एकेक करून पाडावेसे वाटले.

डॉक्टरनं दार लावून घेतलं, आणि मग नीट तपासलं. दात, डोळे, बोटांची पेरं, मणक्यांचा फोटो. शेवटी तो म्हणाला, "खरं सांगू? मला कुणी काही न सांगता तुम्हाला समोर बसवलं असतं, तर मी पासष्टच लिहिलं असतं."

"म्हंजे माहं आंगच खोटं बोलून राह्यलं?"

"अंग खोटं बोलत नाही. तुमचा जन्म कधीचा ते सांगा."

सांगायला सोजराबाई होतीच. दुष्काळी कामावर ती खडी फोडत होती, बेबी पोटात होती, आणि त्याच कामावर सुकडी मिळायची. गव्हाच्या पिठाची, गुळाची, तेल घातलेली. बेबी जन्मली तेव्हाही तीच वाटत होते, म्हणून साल चुकायचं कारणच नाही. "पन म्या काई थे खाल्ली नाई," ती सहज म्हणाली. "पदरात बांधून घरी आनो, गुलाबले देवो. चार वर्साचा होता ना थो."

बेबीताईला दुष्काळ माहीत होता, खडी माहीत होती. सुकडीचं तिनं आज पहिल्यांदा ऐकलं. "सगळीच त्याले?"

"मंग? थो रडे."

"अन् मी?"

"तू पोटात होती. तुहं रडनं आयकू येत नोतं," सोजराबाई म्हणाली. त्यात लपवाछपवी नव्हती की पश्चात्ताप नव्हता. एक घास आणि दोन तोंडं, त्यातलं जे दिसत होतं त्यात तिनं तो घातला.

गुलाबराव आज सत्तावन्नचा आहे. कलप न लावता केस काळे, आणि अजून पोतं पाठीवर टाकून माळ्यावर चढतो. बेबीताईला भावाचा राग यायचा तो आला, आईचा आला, पण दोघांवरही तो पुरेना. आईनं दगड फोडायचे, पोटात लेकरू घेऊन, आणि त्या बदल्यात एका जिवापुरतं खाणं द्यायचं, हा हिशोब कुणी बसवला होता? ज्यानं बसवला तो तर तिथं समोर खुर्चीवर बसलेला नव्हता.

डॉक्टर विचारत गेला, ती सांगत गेली. आठव्या वर्षी कपाशीच्या बियाण्याच्या प्लॉटवर. पोरींची बोटं बारीक, म्हणून फुलं सोलून पराग लावायला पोरीच लागायच्या. फवारलेल्या झाडांत दिवसभर, आणि त्याच हातांनी भाकर. पंधराव्या वर्षी लग्न, सतराव्या वर्षी पहिलं बाळंतपण, ते लेकरू गेलं. नंतर नवराही गेला. रडण्यासारखं बरंच होतं, पण ती रडली नाही. ती दातओठ खाऊन सांगत होती.

"माणसाला दोन वयं असतात, ताई," डॉक्टर म्हणाला. आजी नाही, मावशी नाही, ताई म्हणाला. "एक जन्मापासून मोजतो ते. दुसरं शरीराचं. आईच्या पोटातली उपासमार, लहानपणची मजुरी, औषधांची फवारणी, सततची धास्ती, या सगळ्याच्या खुणा आपल्या पेशींत राहतात. जनुकं तीच राहतात, पण त्यातलं काय चालू आणि काय बंद हे त्या खुणा ठरवतात. मोठ्या प्रयोगशाळांत रक्त तपासून हे वय मोजतातसुद्धा. एकाच वर्षी जन्मलेल्या दोघांत दहा-दहा वर्षांचा फरक निघू शकतो."

"म्हंजे तुमाले माहीत हाये हे."

"हो. आता बऱ्यापैकी माहीत झालंय."

"मंग लिहा," बेबीताई म्हणाली. "नुसतं त्रेपन्न लिहू नका. मी म्हातारी झाली नाई, मले म्हातारी केलं, हे लिहा."

डॉक्टरनं थोडा विचार केला. मग त्यानं वयाचा आकडा लिहिला आणि खाली, शेऱ्याच्या जागेत, बारीक अक्षरांत लिहीत गेला. त्याच्याही आजीनं त्याच दुष्काळात कुठल्या तरी रस्त्यावर खडी फोडली होती, असं तो लिहिता लिहिता म्हणाला.

घरी येऊन बेबीताईनं अपेक्षाकडून तो शेरा वाचून घेतला. 'जन्मापूर्वीची उपासमार, बालपणापासूनची मजुरी व कीटकनाशकांचा दीर्घ संपर्क यांमुळे शारीरिक वय प्रत्यक्ष वयापेक्षा सुमारे दहा ते बारा वर्षांनी अधिक.' तिनं तो पुन्हा वाचायला लावला, आणि अजून एकदा. तिच्यावर काही बेतलं असं तिच्या जन्मात कुणी कागदावर लिहून दिलं नव्हतं. त्या संध्याकाळी ती दुधाच्या पेल्यासमोर बसलेल्या लेकीला उगाच खदखदून हसत काहीबाही सांगत राहिली, आणि अपेक्षाला वाटलं, आई कधी तरी अशीच असेल.

दुसऱ्या दिवशी तिनं कागद ऑफिसात पुष्पांजली मॅडमच्या पुढं ठेवला. मॅडमनी वरचं वाचलं आणि त्यांना मनापासून आनंद झाला. खालचं वाचलं आणि कपाळाला आठी पडली.

"हे कशाला लिहून घेतलं हो?"

"खरं हाये म्हून."

"अहो, शारीरिक वय पासष्ट म्हणजे काय? वरचे साहेब विचारतील, या बाईला काम झेपतं का? लहान लेकरांची जबाबदारी, उकळतं पातेलं उचलायचं. उद्या काही झालं तर माझ्या गळ्याशी येईल. असा कागद मी पुढं पाठवला तर वयात बसाल, पण अपात्र म्हणून घरी बसाल."

"म्हंजे पासष्टची तरी घरी, अन् त्रेपन्नची तरी घरी."

"मी नियम केलेत का, बेबीताई?"

नाही, मॅडमनी केले नव्हते. कुणीच केलेले नसतात. कॅम्पमधल्या पोरानं केले नव्हते, दुष्काळात सुकडी मोजून देणाऱ्यानं केले नव्हते, प्लॉटवाल्या शेठनंही नाही. आई जेवू घालीना, बाप भीक मागू देईना, आणि दोघंही म्हणणार की आम्ही काय करणार. बेबीताईनं टेबलावर हात आपटला तसे चार टेबलांवरचे लोक वळून पाहू लागले. ती म्हणाली, "पोटात होती तवापासून तुमचं काम करून राह्यलो आमी. झिजवलं तुमीच, अन् आता झिजली म्हून फेकता?"

शिपायानं तिला पाणी आणून दिलं. मॅडमनी कागद हळूच तिच्याकडे सरकवला आणि खालच्या आवाजात म्हणाल्या, "तेवढा शेरा काढून, काम झेपतं असं लिहून आणा. बाकी मी बघते. अपेक्षाचं मला माहीत आहे."

दवाखान्यात डॉक्टर नागसेन ऐकेचना. "ताई, तेच तर खरं आहे. तुम्हीच म्हणालात लिहा."

"हात दाखवून अवलक्षण केलं म्या. काढा."

"मग वर जड कामाचं फिटनेस लिहावं लागेल. ते खोटं होईल."

"खरं लिहून पाह्यलं ना तुमी," ती म्हणाली. तिचा आवाज चढला नाही, आणि डॉक्टरला ते जास्त लागलं. "तुमच्या खऱ्यानं माही लेक शेडनेटात जाते. तिच्या पोटातलं लेकरू माह्यासारखं निघन, अन् पन्नास वर्सांनी तुमच्यासारखा कोनी तिच्यासाठी असंच चांगलं लिहून देईन. मले तुमचं चांगलं लिहिलेलं नको. मले तिचे तीन महिने पाह्यजे."

डॉक्टरनं तो कागद फाडला आणि दुसरा घेतला. लिहिताना तिच्याकडे पाहिलं नाही. शिक्का मारला, सही केली.

"वाचून दाखवा," ती म्हणाली.

"वय त्रेपन्न वर्षे," त्यानं वाचलं. "प्रकृती उत्तम. पूर्वीचा कोणताही आजार वा त्रास नाही. जड काम करण्यास पूर्ण सक्षम."

बेबीताई कागदाकडे बघत राहिली. वाचता येत नव्हतं, तरी बघत राहिली.

"चांगली बाई दिसते हे," ती म्हणाली. "कधी भेटली तं सांगा तिले, माह्या जागी कामाले ये म्हना. मी लय थकली आहो."

तिनं कागद घडी करून पोलक्यात खोचला आणि ऑफिस बंद व्हायच्या आत पोचायचं म्हणून गुडघे धरत बसस्टँडकडे निघाली.