दोनच रकाने

लतिका बेसनाचे लाडू घेऊन आली तेव्हाच मी ओळखलं, बाईचं काहीतरी काम आहे. नेदरलँड्समधल्या बेस्ट गावच्या आमच्या मराठी मंडळाची ती अध्यक्ष. एरवी माझ्या दारात कशाला पाऊल टाकेल? सोबत मुलगा निहार, काखेत लॅपटॉप.

"निहारच्या मेडिकलच्या फॉर्मचा आज शेवटचा दिवस. समाजसेवेचे दोनच रकाने आहेत गं. काय घालू, काय गाळू? वैदेहीच्या वेळी तू सगळं केलंयस ना."

वैदेहीचं नाव घ्यायला हिची जीभ तरी कशी धजली! माझ्या लेकीने मंडळाच्या रविवारच्या शाळेत दोन वर्षं मुलांना शिकवलं. प्रमाणपत्र मागितलं तर हिने तिच्याऐवजी माझं नाव घालून 'मेधा आणि परिवार' असं लिहून दिलं. मंडळाचं सभासदत्व कुटुंबाचं असतं म्हणे. विद्यापीठाने ते धरलं नाही. पोरगी आता मेडिकल सोडून लांब ग्रोनिंगन शहरात भलताच विषय शिकतेय, आणि मी वर्षभर हिच्यावर डूख धरून आहे.

मी यादी पाहिली. गणपतीचा महाप्रसाद, दिवाळी मेळावा, आणि शेवटी शेजारचे ओपा. म्हणजे अर्धांगवायू झालेले एक डच आजोबा. निहार दर बुधवारी त्यांची दाढी करतो, पेपर वाचून दाखवतो.

"तो काय, शेजारधर्म झाला," लतिका म्हणाली. "मंडळाचं पत्र मी देतेच आहे, माझ्या सहीने."

आईची सही! नातेवाइकाचं पत्र चालत नाही, हे फॉर्मच्या तळाशी लिहिलेलं असतं. मला ते गेल्या वर्षीपासून पाठ आहे. मी गप्प बसले, आणि मनातून काय गार वाटलं म्हणून सांगू.

"बरोबर आहे तुझं," मी म्हणाले. "ओपा काढ. मंडळाचीच दोन्ही घाल."

निहारने मान वर केली. "मावशी, बट ओपा इज द ओन्ली थिंग आय ॲक्च्युअली डिड."

"मोठ्यांचं ऐकावं, बाळा."

माझ्याच टेबलावर, माझ्या डोळ्यांदेखत फॉर्म गेला. आता कळू दे म्हटलं, पोराचं नुकसान झालं की पोटात कसं तुटतं ते. ते दोघं गेल्यावर मी चहा टाकला आणि दोन लाडू खाल्ले. चांगले झाले होते.

तेवढ्यात वैदेहीचा फोन आला. "आई, निहार आला होता ना? मीच पाठवलं त्याला."

"तू? कशाला?"

"लतिकाकाकू ओपांचं घालू देत नव्हत्या. म्हटलं, माझी आई पटवेल त्यांना. महिनाभर आम्ही दोघं फोनवर तेच लिहितोय. ओपांच्या मुलीचं पत्रसुद्धा मीच मागवून दिलं. माझं नाही झालं, त्याचं तरी होऊ दे." ती हसली. "तू ओपांचंच पहिलं घालायला सांगितलंस ना?"

मी हो म्हणाले.