लाल डोक्याच्या टाचण्या

पहिला ठोसा मेहुण्याच्या जबड्यावर बसला, दुसरा नाकावर. तो कपाटावर आदळला, रक्ताबरोबर एक दात बाहेर पडला, तरी दाजींचा हात थांबेना. जन्मभर कुलपं दुरुस्त करणाऱ्या, झुरळालाही न मारता केरसुणीने बाहेर काढणाऱ्या या माणसात एवढा राग कुठे दडून बसला होता, देव जाणे.

कारण टेबलावर होतं. उघडा डबा, आत तपकिरी भुकटी आणि भुकटीत वळवळणाऱ्या अळ्या.

ती भुकटी महिन्यापूर्वी वाळवून जपलेली अळंबी होती. दाजींच्या बायकोला, म्हणजे मेहुण्याच्या ताईला, रानात सापडलेली शेवटची. त्यानंतर ती अंथरुणाला खिळली, ती उठलीच नाही.

दाजी अळंबीवेडे, मेहुणा किडेवेडा. दर रविवारी तिघं रानात जायची आणि हे दोघं भांडत परतायचे.

"तुमच्या छत्र्या म्हणजे माझ्या किड्यांचा नाश्ता!"

"आणि तुझे किडे मेले की त्यांच्यावर कोण उगवतं? माझी बुरशीच ना?"

ताई न्यायाधीश. निकाल नेहमी दोघांच्याही विरुद्ध लागायचा. ती गेल्यावर भांडणात राम उरला नव्हता, पण दोघांनीही ते नेटाने चालू ठेवलं होतं. दोघांच्या संग्रहांच्या यंदाच्या प्रदर्शनात ताईची अळंबी मधोमध मांडायची, म्हणून मेहुणा डबा मागून आपल्या घरी घेऊन आला होता.

"यातल्या डांबराच्या गोळ्या कुठायत?" दाजींनी त्याची कॉलर पिळली.

"मीच काढल्या. शेजारी माझे जिवंत भुंगेरे होते, वासानं मेले असते. त्यांच्याच अळ्या आत शिरल्या. चुकलो हो, दाजी. मारा मला."

दाजींनी त्याला सोडलं. हत्यारांच्या पिशवीतून हातोडी काढली आणि ते मेहुण्याच्या किड्यांच्या भिंतीवरच्या काचपेट्यांकडे वळले. या पेट्यांकडे त्यांनी हट्टाने कधी जवळून पाहिलंच नव्हतं. शत्रूच्या गोटात कशाला डोकवायचं?

"माझं खाल्लंस ना? आता तुझंही बघ!"

पहिली पेटी फुटली. दुसरी फुटली. वाळलेले हिरवे, काळे भुंगेरे त्यांच्या बुटांखाली कुरकुरत चिरडले गेले. मेहुणा जमिनीवरून किंचाळला, पण अडवायला उठला नाही.

तिसऱ्या पेटीवर उगारलेली हातोडी वरच राहिली. आतल्या किड्यांना टोचलेल्या टाचण्यांना लाल काचेची डोकी होती. शिवणाच्या मशीनवर बसली की बायको असल्याच टाचण्या बाहीला टोचून ठेवायची.

"हे हिनं लावलेत?"

"माझा हात थरथरतो. ताईच लावायची. तुम्हाला सांगू नको म्हणाली होती, न्यायाधीश फितूर ठरेल म्हणून."

"फक्त या पेटीतले?"

मेहुण्याला खोटं बोलावंसं फार वाटलं. त्याने फुटलेला ओठ पुसला.

"सगळेच, दाजी. तुमच्या पायाखालचेपण."

दाजी काचांतच खाली बसले. तळहात कापला, पण त्यांना ते कळलं नाही. चुरडलेल्या पंखांमधून एकेक लाल टाचणी वेचून ते आपल्या बाहीला टोचू लागले. मेहुणा रांगत आला आणि कपाटाखाली गेलेल्या टाचण्या शोधू लागला.