गुडघ्याचं निमित्त

कवायतीत ती कधी चुकली नाही, आणि तेच तिला नडलं.

डाव्या कानानं तिला जवळजवळ काहीच ऐकू यायचं नाही, आणि उजव्यानं फक्त जवळचं. भरतीची तपासणी तिनं कशीबशी निभावून नेली होती. तपासणारा घाईत होता आणि त्याचे ओठ वाचायला सोपे होते. मैदानावर तिनं वेगळीच युक्ती काढली. हुकूम ऐकायच्या भानगडीत पडायचंच नाही, शेजारणीच्या खांद्याकडे लक्ष ठेवायचं. खांदा हलला रे हलला की आपण वळायचं, तेही इतकं चटकन, की बघणाऱ्याला वाटावं हीच आधी वळली.

कवायत शिकवणाऱ्या बाईंना मुली आपसात तोफ म्हणायच्या. तर ही तोफ तिच्यावर खूश झाली. "उद्यापासून तू रांगेच्या सगळ्यात पुढे. तुझ्याकडे बघून बाकीच्यांना जरा अक्कल येऊ दे."

पुढे उभं राहिल्यावर समोर नुसतं मैदान. त्यात वारा सुटलेला. उजवीकडे वळायचा हुकूम झाला आणि सगळी रांग उजवीकडे गेली. ती डावीकडे. हात खांद्यापर्यंत उचलत, मोठ्या झोकात, ती एकटीच स्वयंपाकघराच्या दिशेनं निघाली.

"भूक लागली वाटतं बाईसाहेबांना," तोफ म्हणाली. सगळ्या फिस्सकन हसल्या. तिला तेही ऐकू आलं नाही. ती चालतच राहिली, आणि हसणं हळूहळू थांबलं.

डॉक्टरांनी कानात दिवा धरून बराच वेळ पाहिलं. "लहानपणी कान वाहायचा?"

"हो. आत्या तेल कोमट करून घालायची."

"वेळेवर दाखवला असता तर वाचला असता," असं म्हणत त्यांनी हात धुवायला घेतले. त्यांच्या दृष्टीनं विषय तिथंच संपला.

ती तोफेकडे गेली. "मला मागच्या रांगेत ठेवा ना. तिथं शेजारणीकडे बघून वळते, कधी चुकत नाही."

"आणि अंधारात कुणाकडे बघून वळशील?"

"मग भांडी घासायला ठेवा."

"भांडी घासणाराही सैनिकच असावा लागतो गं," तोफ म्हणाली. तोफेच्या तोंडून 'गं' ऐकलं आणि तिला कळलं, आपण आता इथल्या राहिलो नाही.

वर्दी परत दिली, बूट परत दिले. घरून आणलेला सदरा अंगात गबाळा दिसत होता. गुंडाळलेल्या गादीशेजारी, लोखंडी पलंगाच्या पट्ट्यांवर ती बसून राहिली. मुली आल्या तशा एकदम हळू बोलायला लागल्या, आजारी माणसाच्या खोलीत बोलतात तशा. शेजारीण तेवढी जवळ येऊन बसली.

"माझ्याकडे बघून वळायचीस होय? कमाल आहे. मी तुझ्याकडे बघून वळायचे."

दोघी हसल्या. मग शिट्टी झाली. सगळ्या उठून रांगेत गेल्या आणि खोली रिकामी झाली.

फाटकाजवळच्या फोनवरून तिनं आत्याला फोन लावला. आई गेल्यापासून आत्यानंच तिला वाढवलेलं. दिवसा लॉन्ड्रीत काम, संध्याकाळी दुसऱ्यांच्या घरची इस्त्री. पलीकडे यंत्रांची घरघर चालली होती.

"बोल गं. जेवलीस का?"

"आत्या, मला घरी पाठवतायत."

"काय केलंस?"

"काही नाही केलं. डॉक्टरांनी अनफिट ठरवलं."

"अनफिट? काय झालंय तुला?"

कान म्हटलं असतं तर आत्या कामावरून घरी गेली असती, आणि तेलाची ती वाटी समोर ठेवून उरलेलं आयुष्य तिच्याकडे बघत बसली असती.

"गुडघा," ती म्हणाली.

"तरी मी म्हणत होते! तुझ्या बापाचेही असेच होते." आत्याचा जीव भांड्यात पडल्यासारखा वाटला. "शेकू आपण. माळ्यावरचं तुझं अंथरूण खाली घेते. चढउतार करायची नाही, कळलं? नाहीतर या कानानं ऐकशील आणि त्या कानानं सोडून देशील."

"नाही सोडणार."

बसमधून उतरून ती गल्लीच्या तोंडाशी आली, तेव्हा तिच्या ध्यानात आलं की कोणता गुडघा हे काही ठरलेलंच नाही. आत्यानं विचारलं नव्हतं, तिनं सांगितलं नव्हतं. पिशवी खाली ठेवून तिनं आधी डाव्या पायानं लंगडून पाहिलं, मग उजव्यानं. इतके आठवडे ताठ चालायला शिकलेले पाय काही केल्या वाकडे पडेनात. एक सायकलवाला वळून वळून बघत गेला. शेवटी तिनं उजवा ठरवला.

आत्या ॲप्रन न सोडताच दारात उभी होती. धावत येऊन तिनं पिशवी हिसकावून घेतली आणि दंडाला धरून पायरीपाशी आणलं. ती थांबली, उजवा पाय जपून वर ठेवला आणि तोंड वाकडं केलं.

"फार दुखतं का गं?"

"हो," ती म्हणाली.