खर्जातला हरवलेला सूर

मित्रांनो, मी एक जुना बॅरिटोन सॅक्सोफोन आहे. अंगाने जड, आवाजाने खोल आणि आता खरं सांगायचं तर फार थकलेला. माझं पितळ काळवंडलं आहे. मला उचलणारा प्रत्येक जण आधी कण्हतो, मग उचलतो.

कारखान्यातून निघालो तो थेट अमेरिकेतल्या आयोवा राज्यातल्या केटलबी गावात आलो. उन्हाळ्यात दर गुरुवारी संध्याकाळी इथल्या बागेत गावचा बिग बँड, म्हणजे पंधरा-वीस वादकांचा ताफा, जॅझ वाजवतो. तिकीट नसतं. लोक घडीच्या खुर्च्या, लिंबू सरबत आणि डास मारायला वर्तमानपत्र घेऊन येतात. एकतीस उन्हाळे मला पोस्टमन अर्लन टीजेन यांनी वाजवलं. माझा खर्ज लागला की म्हातारी माणसं डोळे मिटत. तेवढं कौतुक मला पुरत असे.

मग एका वर्षी गाडीतून उतरवताना अर्लनच्या हातून मी दगडावर पडलो. तळाच्या एका भोकाचं झाकण वाकलं आणि माझा सर्वांत खालचा सूर गेला. अर्लननी इकडेतिकडे पाहिलं, मला पुसलं आणि पेटीत ठेवलं. कुणाला काही सांगितलं नाही. पुढचे दोन उन्हाळे तो सूर आला की ते वरच्या सप्तकात वाजवत. पुढे त्यांचे गुडघे गेले आणि मी वेल्डा क्रूसकडे आलो. वेल्डा दवाखान्यात परिचारिका होती. कागदावर लिहिलंय तेच ती इमानाने वाजवायची. त्या सुरावर माझ्यातून नुसती घरघर निघायची.

"वेल्डा, मला तिथं सूर हवाय, गाईचं हंबरणं नको!" बँडचे प्रमुख गस हॅलोरन म्हणायचे. सगळे हसायचे.

"घरी रोज दोन तास फुंकते हो मी," ती म्हणायची. खरंच फुंकायची. ड्यूटीवरून येऊन, पायातले बूटही न काढता. मला सगळं ठाऊक होतं, पण दुसऱ्याच्या श्वासाशिवाय मला कुठली वाचा!

गेल्या जुलैतल्या एका गुरुवारी एका गाण्यात चार मात्रा मी एकटाच वाजत होतो आणि त्यातच तो सूर होता. घरघर झाली. खुर्च्यांमधून कुणीतरी खिदळलं. मध्यंतरात वेल्डाने मला पेटीत घातलं.

"गस, पुढच्या गुरुवारपासून दुसरं कुणीतरी बघा. माझ्या छातीत तेवढा दमच नाही."

पहिल्या रांगेत बसलेले अर्लन उठले. काठी टेकत मंचापाशी आले. तीन पायऱ्या त्यांना चढवेनात, म्हणून खालूनच बोलले, "पेटी लावू नकोस, पोरी. तो माझ्या हातून पडलाय. झाकण वाकलंय. दोन वर्षं मी तो सूर चोरून वरच वाजवत होतो."

"आणि मला कळलं नाही?" गस म्हणाले.

"तुला कधी काय ऐकू आलंय?"

वेल्डा हसली नाही. "वर्षभर तुम्ही समोर बसून ऐकत होतात, अर्लन."

"होय. लाज वाटत होती."

गसनी ध्वनिक्षेपक हातात घेतला आणि साऱ्या बागेसमोर सांगितलं, "चूक वेल्डाची नव्हती. मी तिला उगाच बोललो." उत्तरार्धात वेल्डाने मला पुन्हा गळ्यात अडकवलं. तो सूर आला तेव्हा ती चोरून वर गेली नाही. तिथे ती गप्प राहिली.

ऑगस्टमध्ये एका कारागिराने माझं झाकण सरळ केलं. खर्ज परत आला. पण अर्लनशी ती अजूनही मोजकंच बोलते. ते सरळ करणं मात्र कारागिराला येत नाही.

मित्रांनो, वस्तू हातून पडतात. मला जपा, पुसा, जमलं तर सावलीत ठेवा. आणि पाडलंत, तर त्याच दिवशी सांगा. मी पितळेचा आहे, पोचे सोसतो. पण माझ्या पोच्याची शिक्षा वर्षभर एका माणसाने सोसली, त्याने मी जास्त थकलो.