बोर्डावरून उतरले आणि अंड्यांवर बसले

मी बोलतेय ती वांगणीहून, विठामावशींच्या पडवीतल्या एका लाकडी पेटीतून. करंगळीएवढी काळी चिप मी, अठ्ठावीस पायांची. जन्म कुठल्या कारखान्यात झाला ते आठवत नाही. डोळे उघडले ते उल्हासनगरला, दिपेशभाईंच्या दुकानात, एका निळ्या डेव्हलपमेंट बोर्डावर, म्हणजे शिकणाऱ्यांसाठी सगळी जोडणी तयार असलेल्या पट्टीवर.

तिथून मला हिमानीने बदलापूरला, कात्रपमधल्या आपल्या घरी आणलं. ती बँकेत नोकरी करते आणि सुट्टीला जेवणाच्या टेबलावर वायरी पसरून बसते. बोर्डावर माझे फार लाड होते. वीज आयती, कॉम्प्युटरशी बोलायची सोय आयती. मी दिवे लुकलुकवायचे, कुंडीतली माती कोरडी झाली की सांगायचे. एक खेळ संपला की हिमानी तो पुसून मला दुसरा शिकवायची.

विठामावशी तिला गावठी अंडी आणून देत. एकदा त्या रिकाम्या हाताने आल्या.

"मुंगसानं कोंबड्या नेल्या गं. कोंबडा हाय, पण कोंबडी एकच उरलीय, माझ्या आईच्या वाणाची. अंडी घालते, पण उबवायला खुडूक काय बसत नाय. ती गेली की वाण संपला."

"मग अंडी आपण उबवू, मावशी," हिमानी म्हणाली.

तिने पेटी केली आणि वांगणीला मावशींच्या पडवीत ठेवली. आत बल्ब आणि उष्णता मोजणारा सेन्सर, वर बोर्डासकट मी. पेटी तापली की मी बल्ब विझवायचा, निवली की लावायचा. छान चाललं होतं. पण एके सकाळी मावशी केर काढताना झाडू लागला आणि बोर्डात नुसती खोचलेली वायर निसटली. संध्याकाळी मावशींनी आत हात घातला, तर अंडी गार.

"माझ्याच हातून झालं," हिमानी आली तशी मावशी म्हणाल्या.

"नाही मावशी. झाडू लागला की सुटेल अशी वायर मी ठेवलीच का?"

मला वाटलं, संपलं आता आपलं. पण हिमानी सुटे भाग घ्यायला दिपेशभाईंकडे गेली.

"नवीन बोर्ड ले जाओ ना मॅडम, झंझट कशाला?"

"बोर्ड शिकायला ठीक आहे, दिपेशभाई. आता हिला एकटीने राहायचंय."

तिने मला बोर्डावरून अलगद उचकटलं तेव्हा मी घाबरले. माझ्या काळजाचा ठोकासुद्धा बोर्डावरच्या ताल देणाऱ्या क्रिस्टलचा होता! हिमानीने मला नवा क्रिस्टल दिला, छोट्याशा पट्टीवर बसवलं, एकेका वायरीला कथलाचा पक्का डाग दिला. तरीही बल्ब विझताना मला घेरी यायची आणि मी सगळं पहिल्यापासून सुरू करायचे. हिमानी चिडली नाही. पट्टी पुन्हा पुन्हा तपासत राहिली. शेवटी अगदी माझ्या पायांशी तिने विजेचा झटका सोसणारा एक चिमुकला कपॅसिटर जोडला आणि माझा तोल सावरला.

मग तिने काय करावं? झाडू आणून पेटीवर स्वतःच चार फटके मारले. बल्ब जळत राहिला. तेव्हा कुठे ती पेटी घेऊन वांगणीला परत आली.

मावशींनी पदरातून अंडी काढली. "एवढीच हायत. कोंबडी आता थकली."

हिमानीने ती एकेक करून पेटीत ठेवली. माझ्या पायांत वीज खेळत होती. मी बसले. खरोखर खुडूक बसले.

एकविसाव्या दिवशी दुपारी, हिमानी मुद्दाम आली होती तेव्हा, आतून टकटक ऐकू आली. एका अंड्याला तडा गेला, ओली चोच दिसली. हिमानी सोलायला धावली.

"हात नको लावू," मावशी म्हणाल्या. "त्याचं त्याला येऊ दे."

दोघी पेटीपाशी बसून राहिल्या. पिल्लू धडपडत बाहेर आलं, मागून दुसरं. मावशींनी त्यांना ओंजळीत घेतलं आणि हिमानीच्या गालाला लावलं. हिमानी हसता हसता रडत होती.

आज अंगणात त्या वाणाच्या कोंबड्या फिरतात. मला कोणी बघत नाही, पेटीचं झाकण बंद असतं. त्याचं वाईट वाटत नाही. तुमच्याकडे बोर्डावर कुणी माझी बहीण अडकून पडली असेल, तर तिला उतरवा एवढंच मागणं. आता बोलणं पुरे. मावशी नवी अंडी ठेवताहेत आणि पेटी थोडी निवलीय.